मनीला पिल्लं हवीत की नकोत

कुलूपकाका माझ्याहून फार मोठे नाहीत, पण सगळी गल्ली त्यांना काका म्हणते म्हणून मीही म्हणते. किल्ल्यांचं दुकान त्यांचं, लाँड्री माझी, मधे एक पातळ भिंत. त्यांचं मशीन सुरू झालं की माझ्याकडचे हँगर थरथरतात. इतकी वर्षं त्या मशीनशी लगट केल्यावर माणसाचे कान जायचेच. ते गेले. फक्त काकांना ही बातमी कोणी द्यायची, हा प्रश्न होता.

काकांचं म्हणणं असं की त्यांना सगळं ऐकू येतं, हल्ली लोकच पुटपुटतात. मुलीने कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते घालून मशीन लावलं तर म्हणे डोक्यात कानस चालते. यंत्र स्क्रूंच्या ड्रॉवरमध्ये गेलं आणि पुढे त्या विषयावर सगळेच मूग गिळून बसले.

विजेचा पॉइंट मागच्या भिंतीला असल्यामुळे मशीनही मागच्या भिंतीला. किल्ली काढताना काकांची पाठ गिऱ्हाइकाकडे असते. काउंटरवर दाबायची पितळी घंटा आहे. गिऱ्हाईक ती दाबतं, मनी स्टुलाखालून उठते, काकांच्या गुडघ्याला नाक लावते, काका वळतात आणि म्हणतात, "आलो, आलो, ऐकलं." फोन वाजला तरी तेच, वरच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तरी तेच. नवखं गिऱ्हाईक म्हणतं, कुत्री लाडावलेली दिसते. आम्ही म्हणतो, हो ना.

मनी म्हणजे कुत्री. वहिनींना, म्हणजे काकांच्या बायकोला, मांजर पाळायचं होतं. पदरात पडली कुत्री. नाव आधीच ठरलेलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून तेच ठेवलं. वहिनी गेल्या तेव्हा मनी वयात आली होती. आता तिच्या तोंडावर पांढरं दिसतं, आणि जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसून विचार करते.

या हिवाळ्यात तिने काकांची किल्ल्या पुसायची फडकी एकेक करून काउंटरखाली नेली, त्यांचा ढीग केला आणि त्यावर बसून गिऱ्हाइकांवर गुरगुरायला लागली. खाणं सोडलं. माझ्याकडे कपडे पोचवायची ढकलगाडी आहे, तिच्यात मनीला बसवून आम्ही दोघांनी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण बाई, कामाला नेटकी. तिने मनीला टेबलावर घेतलं, पोट दाबलं, आचळं पाहिली. "खोटी गरोदर आहे," म्हणाली. "होतं असं. फडकी म्हणजे तिची पिल्लं." मग पाठ फिरवून हात धुता धुता तिने विचारलं, "आधी कधी पिल्लं झालीत का हिला?"

काका भिंतीवरचं गाईचं चित्र बघत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात मनीने टेबलावरून पाय लांब करून त्यांच्या कोपराला लावला. काका वळले. "काय म्हणालात? जरा स्पष्ट बोला."

डॉक्टरने एकदा मनीकडे पाहिलं, एकदा काकांकडे. नळ बंद करून ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि पुढचं सगळं त्यांच्या तोंडाकडे बघून बोलली. अशी माणसं मला आवडतात.

काकांनी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "पिल्लं झालेली नाहीत, वय सातच्या पुढे. अशीच ठेवली तर पिशवीत पू होण्याची भीती असते, या वयात मी ते बऱ्याचदा बघते. माझं मत विचाराल तर माज येण्याआधी पिशवी काढून टाका. पिल्लं हवीच असतील तर हा येणारा माज शेवटचा. पण पहिलंच बाळंतपण आहे. अडली तर पोट फाडावं लागेल, आणि त्यात ती जाऊही शकते."

"ऑपरेशनमध्ये नाही जाणार?"

"धोका त्यातही असतो. पण खूप कमी."

"विचार करतो," काका म्हणाले.

माणूस विचार करतो म्हणाला की त्याचं आधीच ठरलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. काकांचं ठरलं होतं. मनी आणखी किती वर्षं पुरणार, आणि ती गेली की गुडघ्याला नाक कोण लावणार, ही धास्ती त्यांच्या पोटात होती. त्यांना मनीसारखी दुसरी हवी होती, मनी असतानाच. तोंडाने मात्र ते म्हणायचे, "चांगला जीव आहे, वंश राहायला हवा."

एकदाच ते माझ्याशी थोडं खरं बोलले. त्यांच्या दुकानात एक पाटी आहे : डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढून मिळणार नाही, मूळ किल्ली आणावी. नकलेवरून नक्कल काढली की दर वेळी दाते केसभर झिजतात. तिसरी किल्ली कुलपात जाते पण फिरत नाही, आणि लोक कुलपाला शिव्या देतात. या पाटीपायी त्यांनी कितीतरी गिऱ्हाइकं परत पाठवली आहेत. त्या पाटीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ताई, मूळ किल्ली हाताशी आहे तोवर दुसरी काढून ठेवावी. हरवल्यावर माझ्याकडे येऊन रडणारे रोज बघतो मी."

"किल्ली आणि कुत्री एक नाही हो," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही."

त्यांना एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्याचीही सोय नव्हती.

गल्लीत काथ्याकूट सुरू झाला. चष्मेवाल्यांचा कुत्रा दिसायला राजबिंडा आणि अकलेने यथातथा. त्याला घेऊन चष्मेवाले स्वतः आले, काउंटरला टेकले आणि म्हणाले, "पिल्लांत पहिली निवड आमची. शेवटी आम्ही मुलाकडचे." हे ते दर दोन दिवसांनी म्हणत आणि दर वेळी स्वतःच हसत. त्यांचा मुलगा तेवढ्यात काउंटरच्या पायाशी मुतून ठेवी.

सलूनवाल्याचं मत वेगळ्याच वाटेचं. "एकदा तरी आई होऊ दे तिला. नाहीतर तिच्या मनात राहून जाईल."

"तुझ्या कानात सांगितलं का तिने?" मी विचारलं. हा गृहस्थ बायकोच्या दोन्ही बाळंतपणांत दवाखान्याची पायरी चढला नव्हता, आणि कुत्रीच्या मनातलं याला दिसत होतं.

मी माझं मत सांगितलं, काढून टाका म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं, पण या गल्लीत त्यासाठी कोणी थांबत नाही. मनी पिल्लं घालताना मेली असती तर भिंतीपलीकडे त्या माणसाचं काय झालं असतं, हे मला रोज ऐकावं लागलं असतं. मला ते नको होतं. मला मनीही हवी होती, आणि तो माणूसही.

दिवस जात होते आणि माज जवळ येत होता. चष्मेवाल्यांनी आपल्या कुत्र्याला आंघोळसुद्धा घातली. अशात काकांची मुलगी दोन दिवसांसाठी आली. ती दुसऱ्या गावी बस चालवते. मोठ्याने बोलायची सवय, त्यामुळे वडिलांशी तिचं बरं जमतं. मी इस्त्रीचे शर्ट द्यायला गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि बाप-लेकीचं जुंपलं होतं. मी परत फिरणार होते. तिने हात धरून बसवलं.

"मावशी, तुम्हीच सांगा यांना. डॉक्टर सांगतेय जीव जाऊ शकतो, आणि हे म्हणतात नर लावू."

"तुला नाही कळायचं," काका म्हणाले. "ही कुत्री साधी नाही. हिला कोणी शिकवलं नाही, जन्मतःच गुण आहे हिच्यात. रक्तात असतं ते. पिल्लांत उतरणार."

मुलीने स्टूल ओढलं, त्यांच्या अगदी समोर बसली आणि एरवीपेक्षा हळू, पण एकेक शब्द सुटा करून बोलली.

"बाबा, हिला आईने शिकवलं."

"काय शिकवलं?"

"हे सगळं. तुम्ही जेवून वर झोपायचात ना, तेव्हा. मी बाहेरून घंटा दाबायची. आई तुमच्या स्टुलावर बसायची, पाठ काउंटरकडे करून, तुम्ही बसता तशी. ऐकू आलंच नाही असं दाखवायची. मनीने नाक लावेपर्यंत हलायची नाही. लावलं की वळायची, म्हणायची, 'आलो, आलो, ऐकलं,' आणि बिस्किट द्यायची. फोनचंही तसंच. कुकरचंही. दुपारी नुसतं पाणी घालून कुकर चढवायचो आम्ही, फक्त शिट्टीसाठी."

"कधी?"

"डॉक्टरांनी तिच्या आजाराचं सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यापासून. शेवटी शेवटी तिला बसवत नव्हतं, तेव्हा उशी लावून बसायची."

काका तिच्या ओठांकडे बघत होते. ऐकू आलं नाही म्हणायला जागाच नव्हती.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मी काय बहिरा आहे? आणि कुत्रीला बाहेर काढलं असतं. आई म्हणाली, त्यांना वाटू दे आपोआप आलं."

मी शर्ट मांडीवर घेऊन बसले होते. सांगायला हरकत नाही, मला रडू आलं. भिंतीच्या अलीकडे इतकी वर्षं राहून मला याचा पत्ता नव्हता. दुपारी घंटा वाजायची ती मी ऐकत होते आणि वाटायचं, भरदुपारी काय गिऱ्हाईक आहे यांना.

काकांनी खाली वाकून मनीच्या कानामागे हात नेला. ती झोपेत होती, तिने डोळेही उघडले नाहीत. मग ते म्हणाले, "म्हणजे मूळ किल्ली ही नव्हेच."



दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझी ढकलगाडी मागितली. चष्मेवाल्यांना जाता जाता सांगून टाकलं, "जमत नाही म्हणून कळवा मुलाला." चष्मेवाले नाराज झाले, पण आठवडाभरच.

ऑपरेशन नीट झालं. मनीला एक रात्र दवाखान्यात ठेवलं होतं. त्या दिवशी हँगर थरथरले नाहीत म्हणून मी डोकावले. काका काउंटरमागे रस्त्याकडे तोंड करून बसले होते, दोन्ही हात घंटेच्या बाजूला ठेवून. मशीनवर झाकण होतं. पाठ कोणाकडे करायची सोय नव्हती. मला वाटलं चहा विचारावा. मग मी नुसतीच जाऊन त्यांच्या बाजूला थोडा वेळ बसले.

मनी परत आली, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात भोंग्यासारखी कडक कॉलर घालून. दारांना आपटत हिंडली, काकांच्या गुडघ्याला नाकाऐवजी कॉलर लावू लागली. टाके निघाले. फडक्यांचा ढीग तिने स्वतःच सोडला.

मुलगी महिनाभराने पुन्हा आली ती बस डेपोतलं एक पिल्लू घेऊन. काळं, पायांनी वाकडं, कोणाचं ते कोणालाच माहीत नाही. मनीने त्याला पहिल्याच दिवशी तंबी दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी स्टुलाखाली थोडं सरकून घेतलं. सलूनवाला म्हणाला, झाली शेवटी आई. मी म्हटलं, तू केस काप.

नंतर एका दुपारी काका लाँड्रीत आले. त्यांची झोपायची वेळ होती. इस्त्री गरम होती, ती मी उभी केली. ते काउंटरवरची कपड्यांची घडी उगाच सारखी करत राहिले.

"ताई, दुपारी तुम्हाला थोडा वेळ असतो का?"

"कशाला?"

"बाहेरून घंटा दाबायला कोणीतरी हवंय. या कारट्याला शिकवायचंय." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही ना."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि त्यांच्या मागे गेले. ते आत जाऊन स्टुलावर बसले, पाठ काउंटरकडे करून. खिशातून बिस्किट काढून मुठीत धरलं. पिल्लू त्यांच्या चपलेचा पट्टा चावत होतं, मनी बाजूला पडून बघत होती.

मी घंटा दाबली. वहिनींना ऐकू न आल्याचं सोंग करावं लागलं होतं. काका तसेच बसून राहिले. पिल्लाने मान वर करून घंटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चप्पल धरली.

मी परत दाबली.