दिसतोय का मी?

गाड्यांच्या कामात मिस्त्रींचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण तोंड भारी फटकळ. डोंगरात जीप पिटाळणारे हौशी लोक मापाबाहेरची स्टेपनी मागच्या दाराला बसवायला आणायचे, तेव्हा ते आधी खेकसायचे, "अहो, हे दार आहे, हमाल नव्हे!" आणि मग जीव ओतून काम करायचे.

एवढा टायर लावला की आरशातून मागचं दिसेनासं होतं. त्यावर मिस्त्री आणि त्यांच्या बायकोची एक रीत होती. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरशात बघायची आणि मिस्त्री गाडीमागून ओरडायचे, "अगं, दिसतोय का मी?" ती नाही म्हणाली की टायर आणखी खाली घ्यायचे. शेवटी आतून आवाज यायचा, "दिसलं हो तुमचं टक्कल! आवळा आता."

ती गेल्यावर गॅरेज पुन्हा उघडलं, तर पहिलीच गाडी तसली. मिस्त्रींनी बिजागऱ्या बदलल्या, टायर चढवला आणि सवयीने मागे जाऊन ओरडले, "अगं, दिसतोय का मी?"

गाडीचा मालक चपापला. "मी बसू का आत?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्ही बाजूला व्हा," मिस्त्री खेकसले. पाना ठेवून ते स्वतःच तिच्या जागी बसले. आरशात टायरवरून फाटक, रस्ता, सगळं स्वच्छ दिसत होतं. ते जिथे उभे राहायचे, तेवढी जागा रिकामी होती. तरी कितीतरी वेळ त्यांची नजर तिथून हलेना.