एक्याऐंशी सामने, शून्य मिनिटं

कॅनडात, सस्कॅचवानमधल्या एका छोट्या विद्यापीठाच्या क्रीडा कचेरीत मार्लीन ह्रिसाक एकतीस वर्षं दुसऱ्यांची वर्षं मोजत आली होती. खेळाडूला पाच वर्षं मिळतात. एका मोसमात एकदा जरी खेळायला उतरलात, तरी त्यातलं एक गेलं. सीमेपलीकडे अमेरिकेत उतरलात तरी गेलं. मार्लीनचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवरा म्हणायचा, "ही माझ्या ताटातल्या पिरोगीसुद्धा मोजते." मोजायचीच, बटाटा भरून उकडलेल्या त्या करंज्या.

ऑगस्टमध्ये डॅनिका गोद्री आली. बर्फावरच्या हॉकीची गोलकीपर. दोन वर्षं अल्बर्टात खेळून मिनेसोटातल्या कॉलेजात गेलेली, तीन वर्षांनी परतलेली. अर्जात तिने लिहिलं होतं : अमेरिकेत खेळलेले सामने, एक्याऐंशी. दोन आणि तीन पाच. म्हणजे पोरीचा खेळ संपला.

रिवाजाप्रमाणे मार्लीनने तिकडून सामन्यांचे तक्ते मागवले. ते आले तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचले, आणि डॅनिकाला बोलावलं.

"पोरी, तुझ्या नावापुढे मिनिटं शून्य आहेत."

"असतील."

"एक्याऐंशी सामन्यांत?"

"मी राखीव होते. सगळं चिलखत चढवून बाकावर. खेळणाऱ्या पोरी बदलीसाठी आत-बाहेर करायच्या तेव्हा बाकाचं दार कोण उघडत होतं?"

"दार उघडणं म्हणजे खेळणं नव्हे."

"तुम्ही उघडलंय कधी? क्षणभर उशीर झाला तर पोरगी दारावर आपटते."

राखीव गोलकीपरांचं हे दुखणं मार्लीनच्या जुन्या ओळखीचं होतं. अंगावर चिलखत चढलं की सामना त्यांच्या हाडांत मुरतो. घड्याळ काय म्हणतं ते त्यांना ऐकू येत नाही.

"हे बघ," ती म्हणाली, "एक्याऐंशी ठेवलेस तर हाती काही उरत नाही. शून्य लिहून सही केलीस तर तीन वर्षं उरतात. शून्याचा एवढा भाव मी आजवर कुणाला दिलेला नाही."

डॅनिका पेनाकडे बघत राहिली. "बाबांनी सगळ्या गावाला एक्याऐंशी सांगितलंय."

"किती वस्ती?"

"दोनशे दहा. प्रत्येकाला दोनदा."

मग तिने पेन उचलून शून्य काढलं.

"जरा मोठं काढ," मार्लीन म्हणाली. "कागदावर माशी बसल्यासारखं दिसतंय."

ऑक्टोबरात पहिला सामना. मार्लीनच्या शेजारी थर्मास घेऊन एक दांडगा माणूस बसला. डॅनिकाचा बाप, लॉर्न; गावातल्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवणारा. खाली बाकाच्या दाराशी आज दुसरीच पोरगी होती. डॅनिका गोलासमोर उभी राहून काठीने दोन्ही खांब ठोकून बघत होती, विकत घ्यायचे असल्यासारखे.

"ब्याऐंशीवा हिचा," लॉर्न म्हणाला. मग थर्मासचं झाकण फिरवलं. "तुम्ही कचेरीतल्याच ना? तुमच्याकडे आकडा असेल."

मार्लीनने डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

"ब्याऐंशीवाच," ती म्हणाली. "घ्या पिरोगी. मोजू नका."