मी उठलो, लिहा

इक्बाल मुलाणी गेल्याचं मला वेल्ह्याहून कळलं. ते राहायचे भोरला, मी निवृत्तीनंतर पुण्यात, आणि बातमी आली ती तोरण्याच्या पायथ्याहून, रेणुसेबाईंच्या फोनवर. "गुरवसाहेब, आपले मुलाणीसाहेब गेले हो सकाळी. झोपेतच. कुणाला तरास न्हाई दिला…" मग म्हणाल्या, "मातीला आमी निघालोय. तुमी या." मी भोरला पोचलो तर वेल्ह्याची माणसं माझ्याआधी येऊन कब्रस्तानाबाहेर उभी होती. त्यात वरच्या वस्त्यांवरचे शेळ्यामेंढ्यावालेही होते. एरवी ही माणसं जनावरं सोडून लग्नालासुद्धा जात नाहीत.

आमची संस्था जनावरांच्या औषधपाण्याची. मुख्य कचेरी भोरला, उपकचेरी वेल्ह्याला आणि दोन्हींत मिळून एक जीप. ही जीप उद्या कुठं जाणार हे ठरवणं, हे कचेरीचं रोजचं आणि सगळ्यात भांडणाचं काम. वेल्ह्याची मागणी कापडी पिशवीत घालून एसटीच्या कंडक्टरकडे दिली जाई. पिशवी नसरापूरला गाडी बदलून भोरला पोचेपर्यंत जीप कामथडीला नाहीतर सारोळ्याला गेलेली असायची. हायवेकडच्या मंडळींकडे फोन होते आणि फोनची गरज पडू नये असे आवाजही. वेल्ह्याच्या वाट्याला उरलेला वार यायचा. मुलाणी आमचे कार्यालयप्रमुख. त्यांना हे बोचायचं. पुण्यात कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांनी पाहिलं की इंटरनेटवर एकच तक्ता दोन गावांत एकाच वेळी उघडता येतो आणि दोघांनाही त्यात लिहिता येतं. परत आले ते, साठीला टेकलेल्या माणसाला नवी सायकल मिळाल्यासारखे. "गुरव, आता पिशवी बंद. ज्याला जीप पाहिजे, त्यानं आपल्या हातानं लिहायचं. सगळ्यांना दिसेल."

वेल्ह्यालाही संगणक आणि इंटरनेट आलं. पण असं काही सुरू करायचं तर आपल्याकडे आधी समारंभ लागतो. कार्यकारिणीचे एक सदस्य आले, संगणकाच्या पडद्याला कुंकू लागलं, नारळ टेबलावरच फुटला आणि त्याचं पाणी कळफलकात गेलं. "जग आता एका खोलीत आलं आहे," असं पाहुणे म्हणाले आणि तेवढ्यात वीज गेली. उरलेलं भाषण अंधारात झालं. मला ते उजेडातल्यापेक्षा बरं वाटलं. मुलाणी मागे उभे राहून रुमालानं कळफलक पुसत होते.

पहिले काही दिवस तक्ता झकास चालला. मग वेल्ह्याच्या रांगा रिकाम्या राहू लागल्या. वळवाचे ढग दिसायला लागले होते. पाऊस लागायच्या आत वरच्या वस्त्यांवरच्या शेळ्यांना लस टोचली नाही, तर पुढे ओढे चढतात, वाट बंद होते आणि साथ आली की कळपच्या कळप बसतो. हे आम्हाला ठाऊक होतं. तरी वेल्ह्याहून मागणी नाही म्हटल्यावर मुलाणींनी जीप सारोळ्याला लावली. "त्यांचं काम उरकलेलं दिसतंय," ते म्हणाले. मलाही ते पटलं… लेखी नसलेली गरज कचेरीला दिसत नाही.

एके दिवशी दुपारच्या एसटीनं रेणुसेबाई स्वतः भोरला आल्या. वेल्ह्याची उपकचेरी म्हणजे त्याच. आल्या त्या पाणीही न पिता मुलाणींपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, आमच्या शेळ्यांनी काय घोडं मारलंय?"

"अहो बाई, तुम्ही काही लिहिलंच नाही!"

"तुमी बसलेला असताना मी कशी लिहू?"

"मी कुठं बसलोय?"

"तक्त्यात. वर तुमचं नाव दिसतंय की हिरवं. सकाळी दिसतंय, दुपारी दिसतंय. आमी म्हटलं, आता उठतील, मग उठतील… साहेबांच्या म्होरं पेन चालवायचं कसं? तुमी तर उठंनाच!"

मी हसलो. मुलाणी हसले नाहीत. इंटरनेट लागायला इतका वेळ जाई, की पहिल्या काही दिवसांनंतर ते सकाळी तक्ता उघडत आणि तसाच ठेवून दौऱ्यावर जात; तक्ता उघडा असेपर्यंत उघडणाऱ्याचं नाव वर हिरवं राही. इथं रिकामी खुर्ची, तिकडं वेल्ह्यात मात्र साहेब दिवसभर बसलेले. जग एका खोलीत आलं होतं खरं, पण त्या खोलीत साहेबही होते.

मुलाणींनी तिथल्या तिथं सारोळ्याची फेरी रद्द केली, लशीची बर्फाची पेटी जीपमध्ये ठेवली आणि बाईंसोबत स्वतः गेले. दोन वस्त्या झाल्या. तिसरीच्या अलीकडचा ओढा पाऊस पडून चढला होता. त्या वस्तीवरच्या बऱ्याच शेळ्या त्या पावसाळ्यात मेल्या. ओढा उतरल्यावर मुलाणी तिथं चालत गेले, कांबळ्यावर बसून लोकांचं ऐकून आले. बाईंनी लिहायला हवं होतं, असं पुढे बैठकीत कुणी म्हणालं. तेव्हा ते एवढंच बोलले, "त्यांनी मान ठेवला. मी उठलो नाही."

त्यानंतर त्यांनी तक्त्याची पहिली ओळ स्वतःसाठी राखली. रोज सकाळी जीपचं पाहून झालं की तिथं लिहायचे, 'मी उठलो, लिहा.' मग तक्ता बंद करायचे. दुसऱ्या दिवशी ती ओळ पुसून पुन्हा तीच लिहायचे. "आदेश काढा ना एक," मी म्हणालो. "आदेशानं माणूस सही करतो, गुरव. लिहीत नाही." निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी ती ओळ लिहिली. हारतुऱ्यांच्या गडबडीत ती पुसायचं कुणाला सुचलं नाही.

मातीनंतर काही आठवड्यांनी मी वेल्ह्याला गेलो. रेणुसेबाईंनी चहा ठेवला आणि संगणक लावला. तक्ता उघडला. पहिली ओळ तशीच होती. नवे साहेब ती काढा म्हणत होते, असं त्यांनी सांगितलं.

"मग?"

"म्हटलं, राहू द्या. जागा कुठं अडलीय?"

चष्मा सावरून त्यांनी सवयीनं आधी वर, नावांच्या जागी पाहिलं. नव्या साहेबांचं नाव तिथं हिरवं दिसत होतं. बाई क्षणभर थांबल्या… मग खालच्या रांगेत एकेक अक्षर शोधत लिहू लागल्या, 'जीप पाहिजे. ओढ्यापलीकडची वस्ती. आधी तीच.'