काळ्या फडक्याखालची काच

देवानंदभाऊंच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, हे आमच्या जालन्यातल्या त्या लॅबमध्ये रिपोर्टची वाट पाहत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अंबडजवळच्या खेड्यातून आलेला हा माणूस वीस वर्षं काचपट्ट्या रंगवतोय. कुणाच्या गाठीचा तुकडा, कुणाच्या छातीतलं पाणी, सगळं त्यांच्या हातून जातं. विचारलं की एकच उत्तर, 'मॅडम सांगतील.'

२००५च्या उन्हाळ्यात माझी नणंद तुळजाबाई भोकरदनहून आली ती छातीत पाणी झालं म्हणून. टीबी की कॅन्सर, एवढंच ठरायचं होतं. पाणी काढताना तिला घेरी आली, म्हणून दोन काचांपुरतं हाती लागलं तेवढ्यावरच थांबले. इतक्यात पुन्हा सुई टोचायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

लॅबमध्ये नुकताच नवा मायक्रोस्कोप आला होता. रंगवलेल्या पेशींवर त्याचा निळा प्रकाश पडला की त्या अंधारात आपल्याआपण चमकतात. पण ही चमक फार नाजूक, उजेड लागला की विझते. म्हणून काचा काळ्या फडक्याखाली झाकायच्या, झटपट फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवायचे, आणि रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर मॅडम संध्याकाळी औरंगाबादहून आल्या की त्यांनी ते पाहायचे. त्यात चारला लोडशेडिंग.

साडेतीनला देवानंदभाऊ मायक्रोस्कोपचा दिवा तापवायला आत गेले. मी तुळजाबाईंना पाणी पाजून आले तर त्यांचे यजमान, आमचे नंदावे बद्रीनाथ, खिडकीत उभे. फडक्याचं एक टोक बाजूला, आणि आपण एक्सरे धरतो तशी त्यांनी एक काच उन्हात धरलेली. किती वेळ, कोण जाणे.

देवानंदभाऊंनी ती हातातून अलगद घेतली, आत नेऊन पाहिली, परत आले. ही गेली, म्हणाले. दुसरी अजून फडक्याखालीच होती.

"लपवून ठेवलं म्हून पाह्यलं," बद्रीनाथ म्हणाले. "वाईट असल्याबिगर कोण झाकतंय?"

मला वाटलं, आता फैलावर घेतील. पण देवानंदभाऊंनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. चारला बारा कमी होते.

"मामा, आत चला. ह्यो दाराचा पडदा दोन्ही हातांनी दाबून धरा, उजेड येता कामा न्हाई. मी सांगेपर्यंत सोडायचा न्हाई."

दुसरं टोक मी धरलं. कॉम्प्युटरवर आधी नुसता काळोख, मग हिरवे ठिपके उमटले. त्यांच्यामधे काही नारिंगी, निखाऱ्यासारखे. बद्रीनाथांचा श्वास मला ऐकू येत होता. हे लाल कशाचं, त्यांनी विचारलं. देवानंदभाऊ काच सरकवत राहिले, फोटो काढत राहिले. बाराव्या फोटोला पंखा थांबला, दिवा विझला, यूपीएस टीं टीं करायला लागला. त्यांनी घाईघाईने सगळं सेव्ह केलं, कॉम्प्युटर बंद केला, आणि मगच पडदा सोडायला सांगितलं.

बद्रीनाथ बाहेर पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं उठून समोरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी शहागडला लेकीला फोन लावला, असशील तशी निघ म्हणून सांगितलं. ते ऐकून मी देवानंदभाऊंना गाठलं. एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

"एकदा बोललो होतो, वहिनी," ते म्हणाले. "नवीन होतो तव्हा. एका बाईला म्हणालो, काही न्हाई. ती निर्धास्त घरी गेली, रिपोर्ट न्यायला कुणी आलंच न्हाई. सहा महिन्यांनी आली, तव्हा उशीर झाल्ता."

मी तुळजाबाईंपाशी जाऊन बसले.

साडेसहाला लाईट आली, मागोमाग मॅडम आल्या. बाराच्या बारा फोटो त्यांनी दोनदा पाहिले. मग आम्हाला आत बोलावलं. ते नारिंगी ठिपके म्हणजे सुजेनं चिडलेल्या आपल्याच पेशी, त्यात कॅन्सरची एकही दिसत नाही, बाकीच्या तपासण्याही टीबीकडेच बोट दाखवताहेत, असं त्यांनी सावकाश समजावलं. सहा महिने न चुकता गोळ्या घ्याव्या लागतील.

बद्रीनाथ भिंतीला टेकले. देवानंदभाऊ कोपऱ्यात काळ्या फडक्याची घडी घालत होते. त्यांचा चेहरा दुपारी होता तसाच.

बाहेर बाकावर तुळजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही आत जाऊन पाह्यलं म्हणं?"

"पाह्यलं," ते म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं."

आणि लेकीला दुसरा फोन लावायला रस्ता ओलांडून गेले.