छताचा पंप
यांनी ती जुनी परदेशी गाडी घरी आणली तेव्हा तिला सीट नव्हत्या, धड छत नव्हतं, आणि मला विचारायची पद्धत आमच्याकडे कधीच नव्हती. निवृत्तीनंतर माणसं टेकडीवर फिरायला जातात. हे सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरले. इंजिन, ब्रेक, वायरिंग, सगळं स्वतः केलं. राहिलं ते छत. बटण दाबलं की कापडी छत मागे घडी होऊन बसतं, पुन्हा दाबलं की वर येतं, अशी ती गाडी. ते छत हलवणारा तेलाचा पंप दुरुस्त होऊन आला आणि त्याच सुमारास यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं.

"आता मेकॅनिकला बोलावू या," मी म्हटलं.

"शेवटचं काम दुसऱ्याकडून? मग इतकी वर्षं मी काय केलं?"

मी दुसऱ्यात मोडत नसावे. कारण रविवारी सकाळी मागची सीट काढून त्या खड्ड्यात मलाच उतरवण्यात आलं.

मधे पंप, दोन्ही बाजूंना छत उचलणारे सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन नळ्या. एकीतून तेल आलं की छत वर, दुसरीतून आलं की खाली. एका बाजूच्या नळ्या उलट लागल्या तर एक सिलिंडर ढकलणार, दुसरा ओढणार आणि सांगाडा पिळवटणार. हे मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी म्हटलं, "अहो, कळलं. संसार केलाय मी तुमच्याबरोबर."

"नट आधी हातानं फिरव. पाना नंतर. आटे गेले की पंप गेला."

कुठला नट ते दाखवायला त्यांचं बोट पुढे यायचं आणि भलतीकडेच जायचं. मग ते हात खिशात घालायचे. माझी कंबर गेली होती, तेलाच्या वासानं डोकं चढलं होतं, गाडीचा मनापासून राग येत होता. पण तो खिशातला हात बघून धड रागावताही येईना.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पिशवी घेऊन जाता जाता थांबले. "काय वहिनी, गाडी चालणार आहे, की नुसतं छतच हलणार?"

"आधी ते तरी हलू दे," मी खड्ड्यातूनच म्हटलं.

दुपारी पंपात तेल भरलं. छत उघडताना उंच उठतं, पार्किंगच्या तुळईला लागलं असतं, म्हणून गाडी ढकलत अंगणात आणली. हे स्टिअरिंगमागे बसले. बटण तेच दाबणार हे ठरलेलंच होतं.

पंप घुरघुरला. छत हातभर उठलं आणि थांबलं. पुन्हा हललं, पुन्हा थांबलं. नळ्यांत हवा राहिली की छत असं गचके देतं, हे सकाळीच मला बजावून झालं होतं. म्हणजे आता परत तेल काढा, परत त्या खड्ड्यात जा.

"हवा राहिलीय," मी म्हटलं. "सगळं पुन्हा उघडावं लागणार."

"हवा नाही गं," ते समोर बघतच म्हणाले. "बटण दाबून धरावं लागतं."

मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. ते बटणावर टेकत होतं आणि सुटत होतं. माझा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी तो मागे घेतला.

मला रडू आलं, आणि कुठेतरी टेकावंसंही फार वाटलं. पण छत अजून अर्ध्यावर होतं, आणि ते बटण सोडायला तयार नव्हते.