केसरीनाथचं पेज आणि बायजाबाईचं बोलावणं

केसरीनाथच्या रिक्षात पेटीचं भाडं पडत नाही. पखवाजाचं पडत नाही, ढोलकीचं पडत नाही, एकदा तर तीन ताशांचं पडलं नव्हतं. माणसाचं भाडं माणसाने द्यायचं. वाद्याने फक्त एवढंच सांगायचं, की आज आपण कुठे चाललोय.

अंजूर ते भिवंडी या रस्त्यावर तो चोवीस वर्षं शेअर रिक्षा चालवतो. या चोवीस वर्षांत आमच्या रस्त्याच्या दोन्ही अंगाची भातखाचरं गेली आणि गोडाऊनं उभी राहिली. बगळे बसायचे तिथे कंटेनर बसले. पण वाजवणारी माणसं अजून त्याच घरांतून निघतात. दिवसा ती गोडाऊनमध्ये खोकी उचलतात, नाहीतर लूमवर शिफ्ट भरतात, आणि दिवेलागणीला मांडीवर पखवाज घेऊन रिक्षात बसतात. केसरीनाथ मान न वळवता आरशातच विचारतो, "काय बुवा, आज कुठं?" बुवा सांगतात. पुढच्या थांब्याला रिक्षा थांबली, की केसरीनाथ चष्मा चढवतो, फोन तोंडाजवळ नेतो आणि बुवांनी सांगितलं ते सावकाश बोलून लिहितो.

हे लिहिणं पाच वर्षांपूर्वी सुरू झालं. त्याची मुलगी उन्नती एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला आहे. एकदा जेवताना ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही रोज आम्हालाच सांगता, याचं भजन इथं, त्याचा बेंजो तिथं. आम्ही तर जेवून झोपणार. जाणाऱ्याला सांगा ना." आणि तिथल्या तिथे, उष्ट्या हाताने, तिने त्याच्या फोनवर एक पेज काढून दिलं. नाव त्यानेच सुचवलं: 'आज कुठे वाजतंय'.

आता ते पेज अकरा हजार माणसं बघतात. त्यात असं असतं:

'आज कोनला मारुतीच्या देवळात भजन. पखवाजावर भूपेश. साथीला त्याचाच मेव्हणा, म्हणून भांडण होणार नाही असं वाटतं. चहा आहे. चपला सांभाळा.'

'शुक्रवारी निजामपुऱ्यात कव्वाली. लूम बंद असतात, त्यामुळे आवाज शेवटच्या गल्लीपर्यंत येतो. पण पुढे बसा. गाणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा आहे.'

कोनच्या माणसाला निजामपुऱ्याची कव्वाली अशी कळली. निजामपुऱ्यातले म्हातारे रिक्षा करून खाडीकाठच्या भजनाला येऊन बसले ते असेच. जाहिरातवाले आले, निवडणुकीला उभे राहणारे आले, "आमचा फोटो वर टाक, कार्यक्रम खाली टाक" म्हणाले. केसरीनाथने कुणाचं ऐकलं नाही. त्याचे नियम दोनच. वाजवणाऱ्याचं नाव आधी, बोलावणाऱ्याचं मागून. आणि दुसरा त्याहून पक्का: वाजवणाऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय एक अक्षर टाकायचं नाही. बॅनरवर विश्वास नाही, पत्रिकेवर नाही, आयोजकावर तर नाहीच. पाच वर्षांत हा नियम त्याने एकदाच मोडला. ती गोष्ट बायजाबाईची.

बायजाबाई आमच्या आळीची धवलारीण. आमच्याकडे लग्न म्हटलं की धवले आले. लग्नाचा एकेक विधी चालतो तसा धवलारीण एकेक धवला गाते, आणि बाकीच्या बायका तिच्यामागून तो झेलतात. भटजींआधी देवांना हाक मारते ती धवलारीण. बायजाबाईने आमच्या गावातली दोन पिढ्यांची लग्नं लावली. केसरीनाथ आणि सीताबाईचं लग्नही तिनेच लावलं. पण आता हळदीला भिंतीएवढे स्पीकर येतात, आणि त्यांच्यापुढे सत्याहत्तर वर्षांच्या गळ्याला कोण विचारतं? तीन वर्षं तिच्या उंबऱ्याला लग्नाची सुपारी लागली नव्हती.

केसरीनाथला ते खुपायचं. अकरा हजार माणसांना तो परगावचा बेंजो सांगतो, आणि चार घरांपलीकडची बायजाबाई त्याच्या पेजवर नाही. एकदा तो फोन घेऊन तिच्या ओटीवर जाऊन बसला.

"आजी, एक धवला गा. लोकांना दाखवतो."

"कुणाचं लगीन हाय?"

"लगीन न्हाय. असंच."

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. "असंच? जल्ला, तू येडा का खुळा? धवला म्हंजे हाक हाय रं. गावदेवीला हाक, खाडीला हाक, शिवारातल्या देवांना हाक. मी बोलावलं की ते येतात. येऊन बघतील तर नवरा न्हाय, नवरी न्हाय, मांडव न्हाय, नुसता तुझा मोबाईल! मंग मी त्यांना काय सांगू, कनाला बोलावलं?"

केसरीनाथ उठला. दारापर्यंत गेला तेव्हा ती मागून हळू आवाजात म्हणाली, "आन् खरं सांगू केशा? मना आथा सगलं आठवत बी न्हाय. गाणं माझ्या डोक्यात न्हाय, हातात हाय. हळद वाटायला बसली का हळदीचा धवला येतो, तोरण बांधायला लागली का तोरणाचा येतो. तीन वर्सं हात रिकामे हायत. एक अख्खं लगीन लावलं तर सगलं परत येईल. न्हाय लावलं तर माझ्याबरोबर जाईल."

हे वाक्य केसरीनाथ महिनाभर रिक्षात घेऊन फिरला. सीट भरताना, सिग्नलला, कंटेनरच्या मागे अडकून पडल्यावर. कुणाच्या लग्नात तिला घुसवणार? ज्याच्या घरचं लग्न, त्याची मर्जी. मग कार्तिक लागला. एका संध्याकाळी घरी आला तर सीताबाई अंगणात तुळशीचं वृंदावन गेरूने सारवत होती. केसरीनाथ तिथेच उभा राहिला. रिक्षा बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

"सीते, आपल्याकडे लगीन हाय की!"

"कुणाचं?" ती दचकली. उन्नतीच्या लग्नाचं नाव या घरात एवढ्या मोठ्याने काढायची सोय नव्हती.

"तुळशीचं!"

दुसऱ्या दिवशी तो बायजाबाईच्या दारावरून जाताना रिक्षातूनच ओरडला, "आजी, तुळशीचं लगीन हे लगीनच ना?"

"लगीनच की!" आतून आवाज आला. "ते लागल्याबिगर माणसांची लग्नं तरी लागतात का?"

बस. केसरीनाथने त्यालाच होकार धरला. स्टँडवर पोचायच्या आत त्याने पेजवर टाकलं: 'द्वादशीला अंजूरला आमच्या अंगणात तुळशीचं लग्न. धवले गाणार बायजाबाई. स्पीकर नाही. जवळ येऊन बसावं लागेल. ज्याला यायचं त्याने या, हे लग्नाचं बोलावणं समजा.'

पाच वर्षांत एवढी उत्तरं कधी आली नव्हती. निजामपुऱ्याच्या हबीबाआपांचा मेसेज आला. त्यांच्या घरचे लूम आहेत आणि केसरीनाथने सांगितलेली एकही कव्वाली त्यांनी सोडलेली नाही. 'केसरीभाई, आम्ही आलो तर चालेल? आमच्या कोकणी लग्नातसुद्धा हळदीला बायका गातात. माझी अम्मी गायची.' केसरीनाथने लिहिलं, 'आपा, बोलावणं दिलंय ते परत घेता येत नाही. या.'

द्वादशीला चार वाजल्यापासून माणसं यायला लागली. उसाचा मांडव उभा होता. चिंचा होत्या, आवळे होते, पाटावर बाळकृष्ण नवरा होऊन बसला होता. कोनहून पूर्वी नावाची एक मुलगी आईला घेऊन आली होती. हबीबाआपा सुनेला घेऊन आल्या आणि आल्या आल्या पदर खोचून चुरमुऱ्यांच्या परातीशी बसल्या. अंगण भरलं, ओटी भरली, कुंपणावर माणसं टेकली. पाच वाजले. साडेपाच झाले. सगळं होतं, फक्त बायजाबाई नव्हती.

केसरीनाथ चारदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. शेवटी सीताबाईने विचारलं, "सुपारी घेऊन कोण गेलेलं?"

"कसली सुपारी?"

"कसली म्हंजे? धवलारणीला बोलवायला अक्षता-सुपारी घेऊन घरचं कुणी गेलं का न्हाय?"

केसरीनाथ म्हणाला, "मी पेजवर टाकलं होतं ना."

सीताबाईने कपाळाला हात लावला. "पेज तिच्या उंबऱ्यावर जाऊन उभं राहतं का? आवं, अख्ख्या भिवंडीला बोलावलंत आन् जिनं गायचं तिलाच न्हाय? धवलारीण बोलावल्याबिगर सख्ख्या लेकीच्या लग्नात गायची न्हाय. आपलं लगीन लावलंन तिनं, एवढं बी कळू नये?"

आणि मग त्याला आपला नियमही आठवला. वाजवणाऱ्याच्या तोंडून. त्याने तर रस्त्यावरून एक प्रश्न ओरडला होता आणि उत्तर आपल्या मनाने पुरं केलं होतं. अकरा हजार माणसांना सांगितलेली ही पहिली न विचारलेली गोष्ट, आणि ती त्याच्याच अंगणात खोटी पडत होती. सूर्य गोडाऊनच्या पत्र्यांवर टेकला होता. तुळशीचं लग्न दिवेलागणीला लागतं. ती वेळ निघून गेली, की उसाच्या मांडवाखाली बायजाबाईचे धवले या वर्षी नाहीत, आणि पुढच्या वर्षी असतील याचा शब्द कोण देणार?

सीताबाईने ताट केलं. हळदकुंकू, अक्षता, सुपारी, नारळ. दोघं चालत निघाली.

बायजाबाईचं दार उघडं होतं. ती उंबऱ्याच्या आत बसली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली, केस चापून बसवलेले. पायाशी अगरबत्तीचा पुडा होता, तो तिने मांडवासाठी आणून ठेवला असणार. लुगड्याच्या घड्या बसून बसून चुरगळल्या होत्या. दुपारपासून ती तशीच बसली असावी.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलंन. सगल्या जगाला सांगितलंस केशा. मना बोलावलं न्हायस."

केसरीनाथचे डोळे पायांच्या बोटांकडे गेले. "चुकलो, आजी."

"चुकलास ते मना दिसतंय. आथा नीट बोलाव. भायेर उभा रहा. कुणाचं लगीन, कुणाच्या घरचं, सांग."

तो दोन पावलं मागे सरला. पन्नाशी उलटलेला, चोवीस वर्षं रस्त्यावर ओरडलेला माणूस, पण त्याचा आवाज मुलासारखा झाला. "तुळशीचं लगीन हाय. माझ्या घरचं. नवरीची आई सीता." सीताबाईने पुढे होऊन तिला हळदकुंकू लावलं, सुपारी हातावर ठेवली. बायजाबाईने मूठ मिटली.

"येशील ना, आजी?" केसरीनाथने विचारलं. आज त्याला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"येते," ती म्हणाली आणि उठली. "चल लवकर. उगाच लांबवलंस."

अंगणात येऊन ती बसली, देवांना हाक घातली. गावदेवी आली, खाडी आली, शिवाराचा देव आला. चौथ्या देवाच्या नावाशी ती अडली. डोळे मिटले, पुन्हा पहिल्यापासून आली, पुन्हा तिथेच अडली. केसरीनाथला वाटलं, आपण हिला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. तेवढ्यात ती चिडून म्हणाली, "हळद कुठं हाय? विकतची पुडी न्हाय, हळकुंडं आण. पाटा आण!"

पाटा-वरवंटा आला. हबीबाआपा तिच्यासमोर बसल्या आणि त्यांनी हळकुंडं पुढे सरकवली. बायजाबाईने वरवंटा धरला, एकदा ओढला, दोनदा ओढला, आणि वाटण्याच्या तालावर चौथा देव आला. मग पाचवा. मग पाण्याच्या लोंढ्यासारखे सगळे. हात थांबत नव्हता आणि गळाही थांबत नव्हता. बायका झेलायला लागल्या. तिसऱ्या ओळीला हबीबाआपाही झेलायला लागल्या, आणि त्यांची चाल जराशी वेगळी पडली, तरी पाट्यावर ती नेमकी बसत होती.

"तुमच्यात बी असतं हे?" बायजाबाईने वाटता वाटता विचारलं.

"अम्मी गायची. मला अर्धंच येतं."

"मंग अर्धं तू गा, अर्धं मी गाते. देवांना काय, पुरं झाल्याशी मतलब."

अंगण हसलं. दिवे लागले, अंतरपाट धरला, फटाके उडाले. लग्न लागलं. केसरीनाथने फोन खिशातून काढलाच नाही. त्याचे हात हळदीने भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोनची पूर्वी आईला घेऊन बायजाबाईच्या दारात आली. रिकाम्या हाताने नाही, ताट घेऊन. तिचं लग्न मार्गशीर्षात होतं. स्पीकरही येणार होते, पण हळद वाटायच्या वेळी ते बंद राहतील, असं तिने होणाऱ्या नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

त्या लग्नाच्या दिवशी बायजाबाई केसरीनाथच्या रिक्षात मागे मधोमध बसली. बाजूला हबीबाआपा, त्यांच्या मांडीवर हळकुंडांची पिशवी. केसरीनाथने आरशातून विचारलं, "काय आजी, आज कुठं?"

"कोनला. लग्नाला. लिही आथा."

त्याने थांब्यावर चष्मा चढवून लिहिलं. मग रिक्षा निघाली. म्हातारी बोटांवर देवांची नावं मोजत ओठ हलवत होती. कल्याण रोडवर कंटेनरांची रांग लागली होती, खड्डे तर आमच्या रस्त्याला जन्माचेच. एका खड्ड्यात चाक गेलं तशी ती मागून ओरडली, "हळू चालव रं! माझे देव सांडतील."

केसरीनाथने गिअर खाली आणला. मागचे हॉर्न वाजत राहिले.