दोन हात कानशीचे

सूतमामांच्या हातून वस्तू सुटायची, तर तिच्यावर कानशीचे दोन हात बसल्याशिवाय सुटत नसे. कडेला जराशी धस राहिली तरी त्यांना घास गोड लागायचा नाही. घरात नवा चमचा आला की आधी त्याची कड अंगठ्याने चाचपणार. बायको म्हणायची, "अहो, लग्नाआधी माझीही कड तपासली असेल तुम्ही!"

"तेवढीच राहिली बघ," मामा म्हणायचे. "म्हणून तर भोगतोय."

जे ते सुतात पाहिजे, हे त्यांचं पालुपद. त्यावरूनच हे नाव पडलं. संशोधन संस्थेच्या तळघरात एक लेथ, एक ड्रिल आणि हा फिटर. एकतीस वर्षांत त्यांचा एक नग कधी परत आला नव्हता.

वरच्या मजल्यावर एक पोरगी तीन वर्षं सोलर सेल बनवत होती. नखाएवढ्या काचेवर पेरोव्स्काइट या उजेड शोषणाऱ्या पदार्थाचा काळपट थर, त्यावर पॉलिमरचा त्याहून पातळ थर. मामांनी एकदा विचारलं, "हे पॉलिमर करतं काय?"

"उजेड पडला की इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो, मामा. त्याची जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा एका बाजूने बाहेर पोचवायची, हे याचं काम."

"म्हणजे रिकामी जागा वाहणारा हमाल! असले आपल्या हपिसात दहा आहेत, त्यांना कोण विचारतं?"

पोरगी हसली, पण तिचा सगळा प्रबंध त्या हमालावर उभा होता.

सेल मोजताना त्यावर पत्र्याची काळी पट्टी ठेवायची. तिच्या मधोमध तीन मिलिमीटरची चौकोनी खिडकी, म्हणजे दिव्याचा उजेड तेवढ्यातूनच खाली जातो. या पट्टीला मास्क म्हणायचे, आणि तो मामांनीच कापलेला. पहिल्याच आठवड्यात पोरगी तळघरात आली होती. "मामा, कड टोचते. थरावर ओरखडे येतात." मामांनी खिडकीत आतून दोन हात मारले आणि काम भागलं. पुढे त्याचीही रीत पडली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मास्क खाली यायचा. मामा जुना काळा रंग खरवडायचे, कडेवर दोन हात मारायचे, नवा रंग द्यायचे. माप त्यांना दिलेलं होतं, मापाचं कारण कुणी दिलं नव्हतं. खिडकीची कड गुळगुळीत हवी, एवढं त्यांना पक्कं ठाऊक.

तीन वर्षांत पोरीने तीन पॉलिमर काढली. पहिल्याने उजेडाच्या वीस टक्के वीज दिली, दुसऱ्याने साडेएकवीस, तिसऱ्याने बावीस पॉइंट सात. तिच्या मार्गदर्शक सरांनी तो आकडा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला.

मग एका दुपारी मामा स्टुलावर चढून वरच्या खोलीच्या दाराची बिजागरी आवळत होते, तेव्हा सर कागद घेऊन आत आले. खातरजमेसाठी तिन्ही पॉलिमरचे सेल दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले होते.

"वीस," सर म्हणाले. "तिन्ही वीस. तिसरं प्रवासात घाबरलं का?"

"सर, मी रोज मोजलंय…"

"आकडे आपोआप चढत नाहीत, कुणीतरी चढवतं. उद्या सकाळी समितीपुढे ये. तोवर प्रबंध थांबला असं समज."

सर गेले. पोरगी जागीच उभी. हातातल्या चिमट्यात काच तशीच धरलेली, जणू ती कुठे ठेवायची हेच विसरली होती.

"दिवा बिघडला असेल," मामा वरूनच म्हणाले.

"दिवा रोज तपासते."

"मग राहिलं काय?"

"मास्क. पण तो तुमच्या हातचा, मामा. त्याच्यावर कशी शंका घेऊ?" ती यंत्रासारखी बोलत होती. "जेवढी वीज येईल तिला खिडकीच्या मापाने भागायचं. तीन त्रिक नऊ."

मामांचा पेचकस थांबला. "खिडकीच्या मापाने भागतेस?"

"मग कशाने भागणार?"

मामा खाली उतरले. टेबलावरचा मास्क उचलून खिशातलं मोजायचं व्हर्निअर त्याच्या खिडकीत घातलं. तीन पॉइंट दोन. मास्क फिरवला. तीन पॉइंट दोन. चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. व्हर्निअर त्यांचंच, ते कशाला खोटं बोलेल? त्यांनी ते पोरीच्या हातात दिलं.

तिने कागदावर नवाऐवजी दहा पॉइंट चोवीसने भागून पाहिलं. बावीस पॉइंट सातचे एकोणीस पॉइंट पंच्याण्णव झाले.

"मी खोटी नाही," ती पुटपुटली. आणि लगेच मटकन खाली बसली. "म्हणजे तिसरं पॉलिमरही काही भारी नाही."

मामांनी आपला उजवा हात पाहिला, परक्याचा पाहावा तसा. "महिन्याला दोन हात. तीन वर्षं मीच खिडकी वाढवली," एवढंच ते बोलले.

सकाळी समिती बसली. मामा न बोलावता आत गेले आणि टेबलावर मास्क, व्हर्निअर आणि कानस ओळीने मांडली.

"नग परत आलाय," ते म्हणाले. "माझा. पोरीचा यात काडीचा दोष नाही."

सरांनी मोजलं. पुन्हा मोजलं. "तीन वर्षांत हे कुणी एकदाही मोजलं नाही?" एका म्हाताऱ्या सदस्याने विचारलं. सरांनी मान खाली घातली. मग पोरीकडे न पाहताच म्हणाले, "प्रबंध थांबणार नाही. आकडे दुरुस्त कर."

पोरीने धरून ठेवलेला श्वास सोडला. मामा कानस उचलून निघाले, तेवढ्यात त्या म्हाताऱ्याने हाक मारली.

"अहो, पहिल्या सोमवारी तुमच्याकडे हा एकच मास्क येतो ना?"

मामा दारातच थांबले. खोटं बोलायची सवय नव्हती.

"नाही साहेब. बारा येतात," ते म्हणाले. "सरांचा जुना तर सोळा वर्षं येतोय."